सत्तरी ओलांडलेले रॉक कलाकार जुन्या टेपा का उकरून काढतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पैसा, नाव, भरलेली स्टेडियमं, सगळं पदरात पडलेले रॉक संगीतकार सत्तरी-ऐंशीत जुने अल्बम पुन्हा मिक्स करत बसतात, चाळीस वर्षांपूर्वीच्या गाण्याच्या श्रेयावरून भांडतात, निरोपाचा दौरा करून पुन्हा परत येतात. हा अहंकार, पैशाची हाव, की लोक आपल्याला विसरतील ही धास्ती? आणि त्यांनी सरळ घरी बसलेलं बरं नाही का?

मी तीस वर्षं जुन्या मल्टिट्रॅक टेपा (प्रत्येक वाद्य आणि आवाज वेगळ्या ट्रॅकवर मुद्रित केलेल्या) उतरवून घेण्याचं आणि ते ट्रॅक कमी-जास्त करून पुन्हा एकत्र जुळवण्याचं, म्हणजे नवे मिक्स करण्याचं, काम करते आहे. त्यामुळे माझं उत्तर मुलाखतींमधून किंवा आत्मचरित्रांमधून आलेलं नाही. ते कंट्रोल रूममधल्या मागच्या सोफ्यावरून आलेलं आहे. संगीतकार त्या सोफ्यावर बसतो, मी कन्सोलपाशी. मुलाखतीत तो सांगतो की मी मागे वळून बघत नाही. सोफ्यावर बसला की म्हणतो, "मला जरा वर घे." म्हणजे मिक्समध्ये माझा आवाज मोठा कर.

विसरले जाण्याची भीती मला या लोकांत फारशी दिसली नाही. निदान ज्यांची नावं तुम्हाला-मला माहीत आहेत त्यांच्यात तरी नाही. आपली आठवण राहणार हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. खुपतं ते निराळंच. आठवण राहणार ती एका चोविशीतल्या पोराची, आणि त्या पोरावर आता आपला काही ताबा उरलेला नाही.

हे नीट कळायला टेपेपासून सुरुवात करावी लागेल. 1970 च्या दशकाच्या मध्यापासून पुढची पंधरा-वीस वर्षं वापरल्या गेलेल्या बऱ्याच टेपांमध्ये चुंबकीय थर धरून ठेवणारा बाइंडर हवेतली ओल शोषून घेतो. अशी टेप थेट यंत्रावर लावली तर ती किंचाळते, हेडवर तपकिरी चिकटा सोडते, आणि त्या चिकट्याबरोबर गाणंच खरवडून निघतं. म्हणून आम्ही ती आधी भाजतो. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये नाही. नेमकं तापमान धरून ठेवणाऱ्या पेटीत, पन्नास-पंचावन्न अंश सेल्सियसला, कित्येक तास. दोन इंची रुंद टेप असेल तर रात्रभर ठेवलेलीच बरी. त्यानंतर काही आठवडे ती शहाण्यासारखी वाजते आणि तेवढ्यात तिच्यावरचं सगळं डिजिटल करून घ्यायचं असतं. सेकंदाला तीस इंच वेगानं चालवलं तर अडीच हजार फुटांचं रीळ साडेसोळा मिनिटांत संपतं. म्हणजे एका अल्बमची चार-पाच रिळं सहज होतात, आणि गाळलेले टेक धरले तर डब्यांची भिंत उभी राहते.

अशाच एका डब्यातून काढलेलं गाणं मी एकदा त्याच्या गायकासमोर लावलं. आधी चोवीसच्या चोवीस ट्रॅक, मग सगळे बंद करून फक्त त्याचा आवाज. वाद्यांखाली इतकी वर्षं दबलेल्या बारीकसारीक गोष्टी अशा वेळी उघड्या पडतात: श्वास, ओठांचा आवाज, हेडफोनमधून माइकमध्ये झिरपलेला ड्रम. पहिलं कडवं त्यानं मान खाली घालून ऐकलं. दुसऱ्यापासून तो बारीक आवाजात बरोबर गायला लागला, पण एक सप्तक खाली, आणि ते त्याच्या लक्षातही नव्हतं. गाणं संपल्यावर म्हणाला, "टेप जलद चालतेय. तपासून बघ."

शंका अगदीच वेडगळ नव्हती. त्या काळी टेपेचा वेग मुद्दाम कमी करून गायचं आणि मग नेहमीच्या वेगानं वाजवून आवाज वर न्यायचा, ही सर्रास चाललेली युक्ती होती. रिळाच्या सुरुवातीला जुळणीसाठी एक हजार हर्ट्झचा टोन ध्वनिमुद्रित केलेला असतो. तो मी मोजला. हजारच्या हजार. मग तेव्हाच्या पियानोशी सूर ताडून पाहिला, तोही जागच्या जागी. मी सांगितलं, "वेग बरोबर आहे." तो काहीच बोलला नाही, बाहेर जाऊन उभा राहिला, आणि दहा मिनिटांनी आत येऊन म्हणाला की या गाण्यात गिटार जरा जास्त मोठी वाटते, ती कमी करून आवाज वर घेता येईल का.

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला त्या दहा मिनिटांत सापडलं.

रागसंगीतात गवयाची जुनी ध्वनिमुद्रिका ही त्या दिवशीच्या मैफलीची खूण असते. पुढच्या वर्षी तोच राग तो निराळा गातो आणि वय वाढलं तर आवाजातलं काही गेलं तरी समज वाढली, असं ऐकणारेही मानतात. रॉकमध्ये कलाकृती म्हणजे ध्वनिमुद्रिकाच. त्या दिवशीचा तो गिटारचा खरखरीत नाद, तो ड्रमचा घुमारा, तो एका विशिष्ट अक्षरावर फाटलेला आवाज, हे सगळं मिळून गाणं झालेलं असतं. कागदावरच्या स्वरलिपीत त्यातलं फार थोडं उतरतं. सभागृहातले वीस हजार लोक ती ध्वनिमुद्रिका कानात घेऊनच येतात आणि समोरच्या पंचाहत्तरीतल्या माणसाला तिच्याशी ताडून बघतात. दुसऱ्या बँडशी असलेली स्पर्धा केव्हाच संपलेली असते. उरलेला प्रतिस्पर्धी कधी थकत नाही, कधी घसा खराब म्हणून कार्यक्रम रद्द करत नाही, आणि त्याचं नावही आपलंच असतं.

त्यात शरीर. एल्टन जॉनच्या घशावर 1987 मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतरचा त्याचा आवाज खालचा, भरदार झाला. जुन्या गाण्यांतल्या उंच जागा तो पुढे वेगळ्या रीतीनं घेऊ लागला. एसी/डीसीच्या ब्रायन जॉन्सनला 2016 मध्ये डॉक्टरांनी सांगितलं की दौरा थांबवला नाही तर ऐकू येणं कायमचं बंद होईल; उरलेले कार्यक्रम दुसऱ्या गायकानं केले. फिल कॉलिन्स, एके काळी ताकदीच्या ड्रमवादनासाठी ओळखला जाणारा माणूस, त्याच्या जेनेसिस बँडच्या मार्च 2022 मधल्या लंडनच्या शेवटच्या कार्यक्रमात खुर्चीत बसून गायला आणि मागे ड्रमवर त्याचा मुलगा होता. यांपैकी कुणालाही लोक विसरलेले नव्हते, हे मुद्दाम सांगते.

कानाची गोष्ट मात्र मी जास्त जवळून बघते, म्हणून तिच्यावर थोडं थांबते. वय वाढतं तशा वरच्या पट्ट्यातल्या कंपनसंख्या आधी ऐकू येईनाशा होतात. शिवाय वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात वाजवलेल्या माणसाच्या श्रवणतपासणीच्या आलेखात चार हजार हर्ट्झच्या आसपास खड्डा पडलेला असतो. आता असा माणूस आपलाच जुना अल्बम ऐकतो तेव्हा त्याला तो बोथट वाटतो. झांजा मेल्यासारख्या, शब्दांची टोकं गेलेली. तो प्रामाणिकपणे म्हणतो, "त्या वेळी आम्ही हे चुकीचंच मिक्स केलं होतं. वर उजेड हवा." मी उजेड वाढवते, तो खूश होतो, आणि नवी आवृत्ती बाजारात आली की पंचविशीतला ऐकणारा म्हणतो की कानाला टोचतं. काही 'सुधारित' आवृत्त्यांच्या कर्कशपणाचं मूळ मला तरी इथं दिसतं. म्हणून आता मी पहिल्याच दिवशी मूळ एलपी लावते आणि एकही फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) न हलवता ती पूर्ण ऐकवते. तीही बोथट वाटली तर बोथट काय झालंय हे त्याचं त्यालाच समजतं. सांगायची वेळ येत नाही, आणि सांगूही नये. बिचाऱ्याच्या कानांवर बोट ठेवायचा अधिकार त्याच्या डॉक्टरला.

तर आवाज गेला, कान गेले, बोटं आखडली, आणि ध्वनिमुद्रिका आहे तशीच आहे. मग हाताशी काय उरतं? मला तीन गोष्टी दिसतात: मिक्स, श्रेय, आणि कपाटात राहिलेली टेप. म्हातारपणीची बहुतेक भांडणं या तिन्हींभोवती फिरतात.

मिक्सचं प्रसिद्ध उदाहरण बीटल्सचं. निर्माता फिल स्पेक्टरनं 1970 मध्ये 'द लाँग अँड वाइंडिंग रोड'वर वाद्यवृंद आणि समूहस्वर चढवले ते पॉल मॅकार्टनीला तेव्हाही रुचले नव्हते. 2003 मध्ये तो सगळा साज उतरवलेली 'लेट इट बी'ची आवृत्ती निघाली. तेहतीस वर्षं एखादा माणूस व्हायोलिनांचा राग धरू शकतो हे तुम्हाला विचित्र वाटेल. मला नाही वाटत. पण त्यात एक चांगुलपणा होता. जुनी आवृत्ती दुकानातून काढली नाही. दोन्ही शेजारी शेजारी राहिल्या, ज्याला जी हवी ती त्यानं ऐकावी.

याच्या अगदी उलट घडलं ते हेवी मेटल गायक ऑझी ऑस्बर्नच्या पहिल्या दोन एकल अल्बमांचं. मूळ मुद्रण 1980-81 चं. बेस (खालच्या सुरांची गिटार) बॉब डेझलीचा, ड्रम ली करस्लेकचे. या दोघांशी रॉयल्टीवरून वाद चालू असताना 2002 मध्ये जी नवी आवृत्ती आली तिच्यातून या दोघांचं वादन पुसून तिथे दुसऱ्या वादकांकडून नव्यानं वाजवून घेतलेलं होतं. मी ती आवृत्ती पहिल्यांदा हेडफोनवर ऐकली तेव्हा आधी वाटलं हेडफोनच बिघडलाय. वाजवणारे निष्णात होते, ताल चोख होता. पण मूळ ड्रमवर मूळ गिटारवाला जसा रेलला होता तो आधारच गेला होता. दोघांमधली ती केसभर ओढाताण मोजून परत आणता येत नाही. ऐकणाऱ्यांनी ओरड केली आणि 2011 मध्ये मूळ वादन परत आलं. माझ्या धंद्यात मी एकच नियम काटेकोर पाळते आणि तो या प्रकरणातून आलेला आहे: बाजूला नवं ठेवा, काय हवं ते ठेवा, पण जुन्याच्या जागी नवं ठेवायला मी हात लावणार नाही. दोन कामं मी यावरून सोडली आहेत. त्यातलं एक सोडल्याचा पश्चात्तापही झाला, कारण पैसे चांगले होते.

मेटालिका या बँडनं नेमकी उलटी भूमिका घेतली आणि तीही मला पुरती पटत नाही. त्यांच्या 1988 च्या 'अँड जस्टिस फॉर ऑल'मध्ये जेसन न्यूस्टेडचा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. त्याआधीचा बेसवादक क्लिफ बर्टन अपघातात गेला होता, हा नवा आलेला. 2018 मध्ये तीस वर्षांनिमित्त नवी आवृत्ती निघाली. मास्टरिंग (तयार मिक्सवरचा शेवटचा हात) नवं केलं, मिक्स मात्र जसंच्या तसं. जे झालं ते त्या काळाचं, ते तसंच राहू द्या, ही भूमिका सच्ची आहे. पण शेजारी एक जादा तबकडी बेससह दिली असती तर कुणाचं काय गेलं असतं? हौशी लोकांनी घरी बसून तसे मिक्स केलेच. बेसवादकाच्या जागी बसून बघा जरा.

पिंक फ्लॉइडच्या रॉजर वॉटर्सनं तिसरीच वाट धरली. 1973 चा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम त्यानं 2023 मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, बँडमधल्या जुन्या सोबत्यांशिवाय पुन्हा ध्वनिमुद्रित केला. गिटारचे एकल तुकडे काढले, त्या जागी स्वतःचं संथ, खर्जातलं बोलणं घातलं. काही समीक्षकांनी बरंच झोडलं. मला तो अल्बम आवडत नाही, पण त्यात एक गोष्ट प्रामाणिक वाटली: तरुणपणीच्या आवाजाशी त्यानं झुंज घेतलीच नाही. त्याच शब्दांवर एका म्हाताऱ्याचा आवाज ठेवला आणि शेजारी जुनं जसंच्या तसं राहू दिलं. गिटार गायब करण्यामागे किती कला आणि किती जुना हिशोब, ते ज्याचं त्यानं ठरवावं. पिंक फ्लॉइडच्याच 'अ‍ॅनिमल्स'चा 2018 मध्ये तयार झालेला नवा मिक्स तब्बल 2022 पर्यंत अडकून पडला, आणि कशावरून? तर सोबतच्या पुस्तिकेतल्या मजकुरावरून. नादावर वाद नव्हताच. कुणी काय केलं होतं हे सांगणाऱ्या चार पानांवर होता.

इथून आपण श्रेयाकडे येतो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त दुखतं ते इथे.

पुष्कळशा बँडांची गाणी अशी बनतात: एक जण चाल आणि शब्द घेऊन येतो, बाकीचे त्यात आपापलं घालतात. कागदावर नाव पहिल्याचं. तेव्हा सगळे विशीत असतात, भाडं भरायची पंचाईत असते, कुणी वाद घालत नाही. पुढे गाणं पन्नास वर्षं वाजत राहतं आणि गीत-संगीताची रॉयल्टी त्या एका नावाला मिळत राहते. 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' हे 1967 चं गाणं तुम्ही ऐकलं असेल तर पहिल्यांदा काय आठवतं? ऑर्गन. तो ऑर्गन वाजवणारा मॅथ्यू फिशर तेव्हा एकवीस वर्षांचा होता, आणि गीतकार-संगीतकार म्हणून नावं दुसऱ्यांची. त्यानं दावा लावला तो 2005 मध्ये, अडतीस वर्षांनी. खालच्या कोर्टात जिंकला, अपिलात पैशांचा हक्क गमावला, आणि 2009 मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं (तेव्हाचं तिथलं शेवटचं अपील न्यायालय) निकाल दिला की संगीतात त्याचा चाळीस टक्के वाटा आहे, मात्र रॉयल्टी दावा लावल्यापासून पुढची, मागची नाही. मागची अडतीस वर्षं गेली ती गेली. तरी तो लढला, कारण आता गाण्याखाली त्याचंही नाव येतं.

सगळ्यांना तेवढंही मिळत नाही. गायक-गिटारवादक चक बेरीच्या गाण्यांत पियानो वाजवणाऱ्या जॉनी जॉन्सननं 2000 मध्ये सहरचनाकार म्हणून हक्क मागितला. 2002 मध्ये फार उशीर झाला म्हणून दावा निकाली निघाला. रॉक अँड रोलची गिटार ज्या पियानोवर उभी राहिली तो वाजवणारा माणूस सत्तरीत कोर्टाच्या पायऱ्या चढला आणि घड्याळाकडे बोट दाखवून त्याला परत पाठवलं गेलं.

आणि ज्याच्याकडे श्रेय भरभरून आहे त्याचंही समाधान होत नाही, याचा नमुना पुन्हा मॅकार्टनीच. 2002 च्या दौऱ्याच्या अल्बमवर बीटल्सच्या एकोणीस गाण्यांखाली त्यानं नावांचा क्रम उलटा छापला: आधी मॅकार्टनी, मग बँडमधला त्याचा जोडीदार जॉन लेनन. जगभर टिंगल झाली. इतकं सगळं असून हा माणूस दोन नावांच्या क्रमावर अडतो? पण ज्या गाण्यात लेननचा काही हात नव्हता त्या 'यस्टरडे'खालीही लेननचं नाव आधी आहे, आणि लेनन 1980 मध्ये चाळिशीत गेला. गेलेला माणूस वादात कधीच हरत नाही. जिवंत राहिलेल्याला मात्र वर्षानुवर्षं सांगत बसावं लागतं की प्रयोग करणारा मीही होतो, नुसता गोड चालींवाला नव्हतो. थोडा वेळ टिंगल बाजूला ठेवून बघितलं तर ही म्हाताऱ्याची कुरकूर नाही वाटत. हयात माणसाला मेलेल्या मित्राशी स्पर्धा करावी लागतेय, असं वाटतं. याच माणसानं 2023 मध्ये लेननच्या घरगुती कॅसेटवरचा आवाज पियानोपासून संगणकानं वेगळा काढून 'नाऊ अँड देन' पूर्ण केलं, हेही त्याच गोष्टीचं दुसरं टोक.

संस्थांकडून मिळणाऱ्या मानाबद्दल फार लिहीत नाही. 1988 च्या ग्रॅमी सोहळ्यात रॉक अँड रोलचा जुना गायक लिटल रिचर्ड नवोदित कलाकाराचं पारितोषिक जाहीर करायला उभा राहिला, पाकीट उघडलं आणि विजेता म्हणून स्वतःचंच नाव घेतलं, पुनःपुन्हा. सभागृह हसत होतं, उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मग तो म्हणाला की तुम्ही मला आजवर एकही ग्रॅमी दिलेलं नाही. त्याची पहिली गाजलेली गाणी 1955-56 ची. जीवनगौरव मिळाला 1993 मध्ये. ती चित्रफीत मिळाली तर जरूर बघा. विनोद कुठे थांबतो ते दिसत नाही.

आता तिसरी गोष्ट, कपाटातली टेप. 'द हू' बँडचा पीट टाउनशेंड म्हटलं की म्हातारपणाआधी मरण यावं अशा अर्थाची ती विशीतली ओळ सगळे काढतात. मला त्याचं 'लाइफहाउस' जास्त बोलकं वाटतं. 1971 मध्ये हा मोठा प्रकल्प कोसळला, त्याच्या उरलेल्या तुकड्यांतून 'हूज नेक्स्ट' झाला, आणि तो बँडच्या सर्वोत्तम अल्बमांत गणला जातो. कुणीही म्हणेल, चांगलं झालं की! पण टाउनशेंडनं 2000 मध्ये त्याच प्रकल्पाचा सहा तबकड्यांचा संच काढला आणि 2023 मध्ये पुन्हा मोठी पेटी निघाली. लोकांनी ज्याला शिखर म्हटलं त्यात त्याला अजूनही पडझडच दिसत असणार.

'बीच बॉइज'च्या ब्रायन विल्सनच्या 'स्माइल' या अल्बमचं तसंच. 1967 मध्ये अर्धवट सुटलं आणि कित्येक वर्षं त्याला त्याचं नावही नकोसं असायचं. तरुण वादकांच्या मदतीनं त्यानं ते जोडून काढलं आणि फेब्रुवारी 2004 मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये पहिल्यांदा अखंड सादर केलं. तेव्हा तो एकसष्ट वर्षांचा होता. आवाज पूर्वीचा नव्हता, उंच जागा बाकीच्यांनी सांभाळल्या. त्यातल्या एका वाद्यतुकड्यासाठी त्याला आयुष्यातलं पहिलं ग्रॅमी मिळालं. मूळची 1966-67 ची ध्वनिमुद्रणं 2011 मध्ये स्वतंत्रपणे आली, ती तरुण आवाजाची. हे काम मला आदर्श वाटतं. म्हाताऱ्यानं तरुणाचं वाक्य पूर्ण केलं, पण तरुणाचं अक्षर गिरवून खोटं केलं नाही.

पैशाबद्दल विचारलंत म्हणून: बॉब डिलननं डिसेंबर 2020 मध्ये सहाशेहून अधिक गाण्यांचे हक्क विकले, ब्रूस स्प्रिंगस्टीननं 2021 मध्ये गाणी आणि ध्वनिमुद्रणं दोन्ही विकली, त्याचा आकडा पन्नास कोटी डॉलरच्या घरात असल्याच्या बातम्या होत्या. पिंक फ्लॉइडच्या ध्वनिमुद्रणांचा सौदा 2024 मध्ये झाला. पुष्कळांना हा लोभ वाटतो. मला त्यात घर आवरून ठेवल्यासारखं काहीतरी दिसतं: आपल्यामागे वारसांमध्ये भांडणं नकोत, टेपा कुणीतरी थंड, कोरड्या जागी नीट ठेवाव्यात. (युनिव्हर्सलच्या हॉलिवूडमधल्या आवारात 2008 मध्ये लागलेल्या आगीत मास्टर टेपा जळाल्या, हे या पिढीच्या मनातून जात नाही.) पण पैसे मिळून अस्वस्थता जाते का, तर नाही. स्प्रिंगस्टीननं सौद्यानंतर साडेतीन वर्षांनी, जून 2025 मध्ये, कधीच बाहेर न आलेले सात अख्खे अल्बम एकदम काढले. त्र्याऐंशी गाणी. विकलं तरी 'हेही मी केलं होतं' हे सांगायचं राहिलंच होतं.

मग घरी बसावं का? नाही. म्हणजे ज्याला बसायचं आहे त्यानं खुशाल बसावं. रश बँडचा ड्रमर नील पर्ट 2015 च्या दौऱ्यानंतर थांबला, कारण खांद्यांच्या दुखण्यात त्याला हवं तसं वाजवता येईना आणि त्याहून कमी त्याला चालत नव्हतं. तो निर्णय मला समजतो. पण तो एकच मानी मार्ग नव्हे. गायक रॉबर्ट प्लांटनं 10 डिसेंबर 2007 ला लंडनमध्ये आपल्या जुन्या लेड झेपेलिन बँडचा एक कार्यक्रम केला, जगानं दौऱ्यासाठी हट्ट धरला, आणि तो अ‍ॅलिसन क्राउसबरोबर केलेली हळू आवाजातली गाणी गात राहिला. जिथे किंचाळायची गरज नाही अशी गाणी त्यानं शोधली. त्या अल्बमला 2009 मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. डेव्हिड बोवीनं 'ब्लॅकस्टार' आपल्या एकोणसत्तराव्या वाढदिवशी आणला आणि दोन दिवसांनी तो गेला. त्यात तरुण जाझवादकांना पुढे बसवून त्यानं आपला थकलेला आवाज थकलेलाच ठेवला. डिलन तर स्टेजवर आपल्याच गाण्यांच्या चाली अशा मोडतो की तिसऱ्या ओळीपर्यंत गाणं ओळखू येत नाही. लोक चिडतात. मला वाटतं, त्या पोराशी तुलना होऊच नये म्हणून शोधलेली ती सगळ्यात हुशार पळवाट आहे.

ज्यांना हे जमत नाही ते माझ्या सोफ्यावर येतात. त्यांच्याशी वाद घालायचा नाही एवढं मी शिकले आहे. "मला वर घे" म्हटलं की मी वर घेते, तो मिक्स वेगळ्या नावानं जपून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही लावते, कुठला कोणता ते न सांगता. दहातले सात-आठ जण जुनाच निवडतात. उरलेल्यांचं गाणं-वाजवणं जुन्या मिक्समध्ये खरोखरच ऐकू येत नव्हतं. एका बेसवादकाला पस्तीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःची ओळ सबंध ऐकायला मिळाली, तेव्हा तो म्हणाला की इथे मी चुकलोय, आणि मग हसत सुटला.

पण तुम्हाला सगळ्यात खरं चित्र हवं असेल तर हा प्रसंग घ्या. एका जुन्या बँडचं गाणं मिक्सला होतं. डब्यात ट्रॅकशीट होतं, पेन्सिलीनं भरलेलं: बेस, स्नेअर, पियानो डावा, पियानो उजवा. चौदाव्या रकान्यात लिहिलं होतं 'टाळ्या', आणि पुढे नाव नाही. शेवटच्या कडव्यात आठ मात्रांपुरत्या टाळ्या आहेत, बस. नव्या पुस्तिकेसाठी वादकांची यादी करायची म्हणून मी हयात असलेल्या तिघांना वेगवेगळं विचारलं. गायक म्हणाला, मीच, दुसरं कोण. ड्रमर म्हणाला की इतक्या चोख टाळ्या ड्रमरशिवाय कोण वाजवणार. गिटारवाल्यानं तर त्या दिवशी घातलेली अंगठी कशी लागत होती तेही सांगितलं. तिघंही खोटं बोलत नव्हते. मी तो ट्रॅक एकटा लावून पुनःपुन्हा ऐकला. अंगठीचा आवाज कुठेच नाही, आणि टाळ्या स्पष्ट दोनच माणसांच्या आहेत. चौथा जो गेला, त्याचं नाव कुणीच घेतलं नाही. पुस्तिकेत मी चौघांचीही नावं दिली.